केमो लागू पडतेय का, हे ऑपरेशनआधी कळलं तर?

(विक्रोळीहून एका आईने पाठवलेलं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात.)

'माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीची परीक्षा संपली आणि गुडघ्याच्या वर दुखायला लागलं. कबड्डीत लागलं असेल म्हणून दीडेक महिना लेप आणि मालिश यातच गेला. मग एक्स-रे, एमआरआय, बायॉप्सी. मांडीच्या हाडाचा ऑस्टिओसारकोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, निघाला. छातीचा सीटी स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. दोन सायकल झाल्यात. केस गेले, तोंड आलं, वजन उतरलं. दुखणं बरंच कमी आहे, पण सूज तेवढीच दिसते. परवाच्या एमआरआयमध्येही गाठीच्या मापात फारसा फरक नाही असं लिहिलंय. पुतण्या आयटीत आहे. त्याने वाचलंय की आता एआय स्कॅन बघून केमो लागू पडणार की नाही ते आधीच सांगतं. एका लॅबवाल्याने जीन टेस्टही सुचवली आहे, खर्च मोठा आहे. धाकटे दीर म्हणतात, लागूच पडत नसेल तर पोराला विष कशाला टोचताय, सरळ ऑपरेशन करून मोकळे व्हा. हे काहीच बोलत नाहीत. डॉक्टरांना विचारायची भीती वाटते, त्यांना वाटेल आम्ही संशय घेतोय. अकरावीचा फॉर्म भरायचा की वर्ष सोडायचं, तेही ठरत नाही. औषध काम करतंय की नाही हे ऑपरेशनआधी कळायची सोय आहे का? असेल तर आम्ही ती का करू नये?'

ताई,

उत्तर आधी देते, कारण तुमचे दिवस कसे जात असतील याची मला कल्पना आहे. जिच्या एकट्या निकालावर विसंबून डॉक्टर तुमच्या मुलाची केमो चालू ठेवतील किंवा बंद करतील, अशी चाचणी आज उपलब्ध नाही. स्कॅनवरून, रक्तावरून, बायॉप्सीच्या तुकड्यावरून आधी अंदाज बांधायचे प्रयत्न जगभर चालू आहेत आणि त्यातले काही खरोखर आशा वाटावी असे आहेत. पण ते संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. पुतण्याने वाचलं ते खोटं नाही, फक्त ते अजून ओपीडीपर्यंत पोचलेलं नाही. तेव्हा लॅबवाल्याला तूर्त थांबायला सांगा आणि घरातलं सोनं किंवा एफडी मोडायची घाई करू नका.

आता सुजेबद्दल. पत्रात तुम्ही 'सूज तेवढीच' हे दोनदा लिहिलंत, एकदा डोळ्यांनी बघून आणि एकदा रिपोर्ट वाचून. त्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष घरात निघालेला दिसतो. हा निष्कर्ष दुसऱ्या एखाद्या कॅन्सरमध्ये चालला असता. मानेतली लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, गाठ केमोने विरघळल्यासारखी कमी होते, हाताला कळते. ऑस्टिओसारकोमाचं तसं नसतं. या गाठीतल्या पेशी स्वतः हाडासारखा पदार्थ तयार करतात आणि त्यातच राहतात. केमोने पेशी मेल्या तरी त्यांनी तयार केलेलं ते कडक हाड कुठे जाणार? गणपती विसर्जनाला गेले तरी गल्लीतला मांडव बांबूंसकट काही दिवस उभाच असतो, तसं. बाहेरून बघणाऱ्याला आत कोणी आहे की नाही ते कळत नाही. त्यामुळे चांगला प्रतिसाद मिळालेल्या गाठीचंही माप अनेकदा तेवढंच राहतं. कधी कडा आणखी कडक होतात आणि एक्स-रेमध्ये गाठ जास्तच ठळक दिसते.

'दुखणं बरंच कमी आहे' हे मात्र तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. दुखणं कमी होणं हा पुरावा नाही, पण डॉक्टर दर भेटीत तेच आधी विचारतात. रात्रीची झोप लागते का, वेदनाशामक गोळ्या कमी झाल्या का, गुडघा आधीपेक्षा वाकतो का, मांडीला हात लावला तर गरम लागते का, हे घरी दिसतं आणि ते तुम्हालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा, त्याच जागी टेपने मांडीचा घेर मोजा. ही वही पुढच्या ओपीडीला सोबत न्या.

खरा प्रतिसाद कसा मोजतात ते सांगते. मुंबईतल्या रुग्णालयांत पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हे काम मी हातांनी केलंय. ऑपरेशनमध्ये काढलेला हाडाचा भाग लॅबमध्ये येतो. त्याच्या कडांना आधी रंगीत शाई लावतात, म्हणजे गाठ कडेपासून किती दूर आहे ते नंतर ओळखता येतं. मग करवतीने हाड उभं चिरायचं आणि मधली एक पातळ चकती काढायची. तिचा फोटो काढतात, एक्स-रे काढतात आणि त्या फोटोवर पेनाने चौकोन आखतात: अ-१, अ-२, ब-१. प्रत्येक चौकोनाचा तुकडा वेगळ्या डबीत जातो. हाड कडक, सरळ कापता येत नाही, म्हणून ते काही दिवस आम्लात ठेवून मऊ करतात. मग काचपट्ट्या तयार होतात आणि एकेक चौकोन सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतात की इथल्या किती पेशी मेल्या आणि किती जिवंत आहेत. सगळ्यांचा हिशोब मिळून एक टक्केवारी येते. रिपोर्टला दोन-तीन आठवडे सहज लागतात. नातेवाईक खिडकीशी येऊन विचारतात, एवढा वेळ का? आम्लाला घाई चालत नाही हे त्याचं खरं उत्तर आहे.

९० टक्के किंवा त्याहून जास्त भाग मेलेला असेल तर 'चांगला प्रतिसाद' म्हणतात, कमी असेल तर 'कमी प्रतिसाद'. ही रेघ माणसांनी आखलेली आहे. ८८ आणि ९२ यांत जगण्यामरण्याचं अंतर नाही, पण रिपोर्टमध्ये एक या खणात जातो आणि दुसरा त्या खणात. तुमच्यासारखे अनेक आईवडील रिपोर्ट आल्यावर त्या एका आकड्याकडे बघत बसतात. त्याच कागदावर मार्जिनची, म्हणजे कडा स्वच्छ आहेत की नाही याची, ओळ असते. ती आधी वाचा.

चौकोनांचं एवढं सविस्तर सांगण्याला कारण आहे. एकाच गाठीत अ-१ मध्ये सगळं मेलेलं आणि ब-३ मध्ये जिवंत पेशींचा पुंजका, असं मी असंख्य वेळा पाहिलंय. मुठीएवढ्या गाठीतून सुईने काढलेला बायॉप्सीचा बारीक धागा अख्ख्या गाठीबद्दल सांगेल अशी अपेक्षा धरणं कठीण आहे. जीन टेस्टलाही तीच अडचण येते, आणि वर आणखी एक. या आजारात पेशींमधले बदल फार गोंधळाचे असतात. गुणसूत्रं तुटून कशीही जोडली गेलेली असतात. टीपी५३, आरबी१ अशा जीनमध्ये बिघाड सापडतो, पण तो पाहून 'हिला केमो लागू पडेल, त्याला नाही' असं म्हणता येत नाही.

स्कॅनचं पारडं त्या मानाने जड आहे. एमआरआयची डिफ्युजन नावाची एक पद्धत आहे. पेशी दाटीवाटीने जिवंत असतात तेव्हा त्यांच्यामधलं पाणी अडकून राहतं. पेशी फुटल्या की ते मोकळं फिरतं, आणि मशीन हा फरक पकडतं. दुसऱ्या एका पद्धतीत नसेतून स्कॅनमध्ये दिसणारं औषध (कॉन्ट्रास्ट) सोडून गाठीचा रक्तपुरवठा आटला का ते बघतात. पेट स्कॅनमध्ये गाठ साखर किती ओढते ते दिसतं. केमोआधी आणि नंतर दोन्ही वेळा पेट काढला आणि ओढ खूप कमी झाली असेल तर ते चांगलं लक्षण मानतात. पण भरून येणारी जागाही साखर ओढते, सूजही ओढते. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाड तयार होताना वाढणारं एन्झाइम, बघतात, पण वाढीच्या वयातल्या मुलांत ते मुळातच जास्त असतं. एकेक खूण अर्धवट बोलते, म्हणूनच संशोधक त्या एकत्र करून एआयला शिकवतायत. त्यांची अडचण एवढीच की आजार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांमागे वर्षाला तीन-चार जणांना होतो. त्यामुळे एका रुग्णालयाच्या थोड्या रुग्णांवर शिकलेला एआय दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तितकाच बरोबर ठरेल याची खात्री लागते. ती खात्री मिळेपर्यंत त्यावर केमो थांबवायची नाही, हा डॉक्टरांचा पवित्रा मला पूर्ण पटतो.

आता मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि तो तुम्ही घरात सगळ्यांना एकत्र बसवून विचारा. समजा, अशी अचूक टेस्ट उद्या मिळाली आणि तिने सांगितलं की प्रतिसाद कमी असणार. मग काय कराल?

दीर म्हणतील, केमो थांबवू, ऑपरेशन करू. या वाटेने काय होतं ते माहीत आहे, कारण एके काळी तीच एक वाट होती. १९७० च्या आधी पाय कापला तरी पाचातल्या साधारण चार मुलांना फुप्फुसात गाठी येत. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी छातीचा एक्स-रे स्वच्छ असला, तरी डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी आधीच तिथे पोचलेल्या असत. अमेरिकेत १९८० च्या दशकात याची रीतसर परीक्षा झाली. अर्ध्या रुग्णांना नुसतं ऑपरेशन, अर्ध्यांना ऑपरेशन आणि केमो. दोन वर्षांनी आजार न उलटलेले पहिल्या गटात १७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ६६ टक्के. केमो मांडीतल्या गाठीइतकीच, किंवा तिच्याहून जास्त, फुप्फुसातल्या त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी असते. त्यामुळे 'ऑपरेशन करून मोकळे' हे या आजारात होत नाही.

दिरांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र बरोबर आहे आणि ती मान्य केली पाहिजे. केमो ऑपरेशनच्या आधीच द्यायला हवी असा काही नैसर्गिक नियम नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात ती आधी देणं सुरू झालं ते काही अंशी अडचणीतून. प्रत्येक रुग्णाच्या मापाचा धातूचा सांधा बनवायला महिने लागत. तोपर्यंत हातावर हात धरून कसं बसायचं, म्हणून औषध सुरू केलं. नंतर १९८६ ते १९९३ दरम्यान, लगेच ऑपरेशन करून मग केमो आणि आधी केमो करून मग ऑपरेशन, अशी तुलना झाली. दोन्हींत जगण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. तरीही आज जवळजवळ सगळीकडे आधी केमो देतात. सर्जनला नीट आखणी करायला, सांधा मागवायला वेळ मिळतो, पाय वाचवणं सोपं जातं असं मानतात आणि आजार कसा वागतो ते कळतं. पण सुरुवातीला निवड करणं वेगळं आणि दोन सायकल झाल्यावर मध्येच गाडी वळवणं वेगळं. रक्तातल्या पेशींचा काउंट खाली असताना ऑपरेशन, मग जखम भरेपर्यंत केमो बंद, यात नुकसान व्हायची भीती जास्त.

पुतण्या म्हणेल, औषध बदलू, आणखी जोरदार देऊ. हेही करून पाहिलंय. युरोप, अमेरिका धरून १७ देशांनी मिळून २००५ ते २०११ या काळात २,२६० रुग्ण नोंदवले. ज्यांचा प्रतिसाद कमी निघाला त्यांतल्या तयार झालेल्यांपैकी निम्म्यांना तीच औषधं पुढे चालू ठेवली आणि निम्म्यांना त्यात आणखी दोन औषधांची भर घातली. भर घातलेल्यांत त्रास जास्त झाला, फायदा दिसला नाही. त्याआधी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात केमोच्या दोन सायकलींमधलं अंतर कमी केलं होतं. चांगला प्रतिसाद मिळालेल्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं, पण आयुष्य वाढलं नाही. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅबमध्ये काम करणाऱ्या मला तो पचायला जड गेला, कारण ज्या आकड्यासाठी आम्ही चौकोन मोजत होतो, तो आकडा सुधारूनही मुलं जास्त वाचली नव्हती.

म्हणजे ताई, आज ही माहिती आधी मिळाली तरी तिच्यावरून करायला डॉक्टरांच्या हातात फारसं वेगळं काही नाही. तुम्हाला मिळेल ती फक्त धास्ती, आणि तीही चुकीच्या अंदाजावरची असू शकेल. उद्या नवी औषधं आली तर चित्र बदलेल. तेव्हा आधी ओळखण्याला फार मोल येईल, म्हणून ते संशोधन व्हायलाच हवं. तुमच्या रुग्णालयात कोणी मुलाचे स्कॅन किंवा बायॉप्सीचा नमुना अभ्यासासाठी वापरायची परवानगी मागितली, तर संमतीपत्र नीट वाचा, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का विचारा, मुलालाही विचारा, आणि पटलं तर द्या. अशा अभ्यासात फक्त नमुना किंवा स्कॅन वापरण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कोणी मागितले तर ते संशोधन समजू नका. आणि कुठलीही महागडी टेस्ट पुढे आली की, मग ती तुमच्या घरात असो की हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या, विचारायचा प्रश्न एकच: 'याचा निकाल हो आला तर उपचारात काय बदलेल, आणि नाही आला तर काय?' दोन्हींचं उत्तर सारखंच असेल तर टेस्ट राहू द्या.

तुमच्या पत्राच्या तळाशी जो प्रश्न आहे, तो तुम्ही लिहिला नाहीत. मुलगा वाचेल का? निदानाच्या वेळी आजार पसरलेला नसेल आणि केमो व ऑपरेशन दोन्ही पूर्ण झाले, तर आज साधारण ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. चांगल्या प्रतिसादाच्या गटात हे प्रमाण आणखी वर जातं. कमी प्रतिसादाच्या गटातही जवळजवळ निम्मे असतात. म्हणजे रिपोर्टवर ७० टक्केच भाग मेलेला असं लिहून आलं तरी त्या कागदाने दार लावलेलं नसतं. मी हे धीर द्यायला म्हणत नाही. गट म्हणून हे असंच आहे, आणि एकट्या तुमच्या मुलाचं काय होईल हे मला, डॉक्टरांना आणि एआयलाही आज सांगता येत नाही.

तुमची ताकद कुठे लावायची ते मी सांगते. केमो ठरलेल्या तारखेला व्हावी यासाठी. ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असो, रविवार असो, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट रुग्णालयाच्या इमर्जन्सीत. काउंट वाढवायचं इंजेक्शन सांगितलं असेल तर ते चुकवायचं नाही. तोंड आलेलं असताना मऊ भात, ताक, अंडं, जे उतरेल ते. उघड्यावरचं आणि कच्चं नको. लाल औषधाने (डॉक्सोरुबिसिन) हृदयावर आणि सिस्प्लॅटिनने किडनीवर व कानावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे इको, रक्ततपासणी, कानाची तपासणी या 'जास्तीच्या' वाटतील पण जास्तीच्या नाहीत. कानात आवाज येतो असं तो म्हणाला तर लगेच सांगा. ऑपरेशन झालं की पुन्हा केमो कधी सुरू होणार ते सर्जनला आणि केमोच्या डॉक्टरांना दोघांनाही विचारून ठेवा. ती तीन आठवड्यांपेक्षा जास्त लांबली तर निकाल बिघडायचा धोका वाढतो असं आढळलंय. मधल्या सुट्ट्या, फाइल हरवणं, ब्लड बँकेतली धावपळ यात हे दिवस सहज जातात, आणि तिथे पुतण्याच्या फोनचा आणि दिरांच्या पायांचा खरा उपयोग आहे. मदत करायची दोघांनाही इच्छा आहे, त्यांना हे काम द्या.

पायाला जपा. गाठीने पोखरलेलं हाड मोडलं तर पाय वाचवणं अवघड होऊ शकतं. डॉक्टरांनी कुबड्या किंवा वॉकर सांगितला असेल तर घरातही तोच. तुमच्याकडच्या जुन्या बिल्डिंगींना लिफ्ट नाही हे मला माहीत आहे. जिना चढायचाच असेल तर एकट्याने नाही. गर्दीच्या वेळची लोकल तर नकोच. आणि मालिश आता कुणाच्याही सांगण्यावरून नको. हे सगळ्या आईबापांसाठी लिहिते: वाढत्या वयातल्या मुलाचं गुडघ्याजवळचं दुखणं तीन-चार आठवड्यांत गेलं नाही, रात्री झोपेतून उठवायला लागलं किंवा सूज दिसली, तर मालिश बंद करून साधा एक्स-रे काढा. तुमच्या हातून दीड महिना गेला म्हणून मनाला लावून घेऊ नका. खेळताना लागलं असेल असंच घरोघरी वाटतं, आणि बहुतेक वेळा ते तसंच असतं.

काही लक्षणं दिसली तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता कळवायचं. कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, मांडीचा घेर आठवड्यागणिक वाढणं, पाय बधिर होणं, एकदम कळ येऊन पायावर उभं न राहता येणं, दम लागणं. केमो चालू असताना गाठ खरोखरच वाढत असेल तर डॉक्टर योजना बदलतात. ऑपरेशन अलीकडे आणतात किंवा वेगळं ऑपरेशन सुचवतात. मधला एमआरआय त्यासाठीच असतो, आणि गाठ मज्जातंतूंपासून, रक्तवाहिन्यांपासून किती दूर आहे ते सर्जनला त्यातूनच कळतं. तुमच्या रिपोर्टात माप वाढलेलं नाही, हे लक्षात घ्या. उद्या पाय वाचवण्याऐवजी काढायची वेळ आली, तर तो केमोचा किंवा तुमचा पराभव समजू नका. कडा स्वच्छ ठेवून काढलेली गाठ, पाय ठेवून काढली काय आणि पायासकट काढली काय, जगण्याच्या दृष्टीने सारखीच.

पुतण्याला इंटरनेटवर आणखी एक गोष्ट सापडेल, म्हणून आधीच सांगते. परदेशात या आजारात मेथोट्रेक्सेट नावाचं केमोचं औषध देतात, आपल्याला का नाही? ते मोठ्या मात्रेत देताना रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते, रुग्णालयात राहावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ते टाळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड यांची सांगड घालणारी पद्धत वापरात आली आणि तिचे निकालही प्रसिद्ध झाले आहेत. मुलाला कुठली औषधं चालू आहेत आणि का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

विचारण्याची भीती वाटते म्हणालात. डॉक्टरांना संशय आणि काळजी यांतला फरक कळतो. घाईच्या ओपीडीत लांबलचक बोलणं होत नाही, म्हणून कागदावर तीनच प्रश्न लिहून न्या: 'एमआरआय बघून तुम्हाला काय वाटतं? कुठल्या परिस्थितीत तुम्ही योजना बदलाल? ऑपरेशनची साधारण तारीख कोणती?' मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो विचारलात की डॉक्टर कशावर नजर ठेवून आहेत ते घरच्यांनाही समजेल. दुसरं मत हवं असेल तर जरूर घ्या, फक्त त्यापायी केमोची तारीख हुकू देऊ नका, आणि बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) व काचपट्ट्या मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही. पैशाचं कोडं असेल तर रुग्णालयाच्या मेडिकल सोशल वर्करना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. बाहेरगावाहून येणाऱ्या वाचकांनी राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि लहान मुलं असतील तर सेंट ज्यूडची केंद्रं, यांची चौकशी त्यांच्याकडेच करावी.

मुलाशी बोला. तुमच्या अख्ख्या पत्रात तो काय म्हणतो हे एकदाही आलेलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या पायाबद्दल घरात कुजबुज चालली आहे हे कळतं. त्याच्या हातात फोन आहे, त्याने आजाराचं नाव शोधलेलं असणार. त्याला डॉक्टरांसमोर बसवा आणि त्याचे प्रश्न त्याला विचारू द्या. केमोमुळे पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. वयात आलेल्या मुलांसाठी वीर्य साठवून ठेवायची सोय असते आणि ती पहिल्या केमोच्या आधी करायची असते. तुमच्याकडे ती वेळ गेली असली तरी डॉक्टरांशी हा विषय जरूर काढा. आणि ज्यांच्या घरी अजून पहिली सायकल व्हायची आहे त्यांनी संकोच बाजूला ठेवून आजच विचारावं.

अकरावीचा फॉर्म भरा. उपचार सगळे मिळून बरेच महिने चालतात, त्यामुळे हजेरीचा प्रश्न येईल. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र घेऊन प्राचार्यांना भेटा, आणि अगदीच जमलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. पण कुठल्या कॉलेजचे पर्याय टाकायचे हे त्यालाच ठरवू द्या. यजमानांना म्हणावं, फॉर्म भरायला त्याच्याशेजारी तुम्ही बसा. बोलता येत नसेल तर निदान एवढं काम दोघांना मिळून करता येईल.